अर्जातलं शेवटचं वाक्य

मुद्द्यांची मांडणी (३० पैकी)

पद्मजाबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं, तिथेच घात झाला. डावीकडे दुसरे परीक्षक श्यामसुंदर काळे, निवृत्त प्राध्यापक. उजवीकडे स्पर्धेच्या आयोजक शैला गद्रे, समोर घड्याळ आणि पितळी घंटा घेऊन. मागे श्रोत्यांची पहिली रांग टेबलाला अगदी चिकटलेली. उठून बाहेर जायचं तर कुणाला तरी उठवावं लागलं असतं, आणि पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलींना बजावलं होतं की वक्ता बोलत असताना उठणं म्हणजे त्याचा अपमान. तेव्हा उठण्याचा प्रश्नच नव्हता.

परीक्षक म्हणून होकार दिला तेव्हा विषय ठरलेला नव्हता. तो त्यांनी आत्ता, आत आल्यावर, फळ्यावर वाचला.

'गांजाला कायदेशीर मान्यता देणे समाजाच्या हिताचे आहे.'

"काय मॅडम," काळे कानाशी आले, "आमच्या वेळी 'विज्ञान शाप की वरदान' असायचं. आता थेट चिलीमच."

"चालायचंच," पद्मजाबाई म्हणाल्या.

"भांगेचं पान चालतं, गांजाचं फूल चालत नाही, असा आपला कायदा. महाशिवरात्रीला घोटून प्यायला तो भक्त, हिंजवडीत ओढला तो आरोपी."

पद्मजाबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. आत एक कागद होता, चार घड्यांचा. येत्या बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता कोर्टात सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून हजर राहावे. आरोपीचं नाव खाली टाइप केलेलं होतं: आमोद गोपाळकृष्ण सोहोनी. त्यांचा मुलगा. समन्स घेऊन हवालदार आला तेव्हा त्या घरात एकट्या होत्या. आठ दिवस झाले, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण आमोदला माहीत नव्हतं की त्याला पकडून देणारी त्याची आईच होती.

बुधवारी कळणार होतं. अकरा वाजता, पिंजऱ्यात उभं राहून.

"पुढचा संघ, क्रमांक सात," शैलाताईंनी पुकारलं.

या स्पर्धेची रीत जुनी आहे. प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते. एक अनुकूल बोलतो, एक प्रतिकूल. व्यासपीठावर एकमेकांचे मुद्दे खोडायचे, पण गुणांची बेरीज एकत्र, आणि करंडक मिळाला तर उचलायचाही दोघांनी मिळून. कोण कुठल्या बाजूचा ते आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. मनात काय आहे ते कुणी विचारत नाही.

आधी प्रतिकूल बाजू आली. इंद्रजीत साखरे. रुंद खांद्यांचा मुलगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोपरं घट्ट अंगाशी.

"मी हिंजवडीचा," त्याने सुरुवात केली. "म्हंजे कंपन्यांच्या आधीचा. आमच्या आज्यानं, गेनबानं, कंपन्यांना रान देऊन चाळीस खोल्या बांधल्या. पोरं आली, भाडं आलं. माझा चुलतभाऊ साईनाथ ते भाडं गोळा करायचा. मग तो त्या पोरांबरोबर गच्चीवर बसायला लागला. सुरुवातीला नुसता हसायचा. आम्हाला वाटलं, बरंय, हसतोय. मग एक दिवस म्हणाला, पाण्याच्या टाकीत कोणतरी बोलतंय."

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आता त्याला त्याची आई, आमची शकूकाकी, घास भरवते. सव्वीस वर्षांचा हाय." त्याने 'आहे' असं दुरुस्त केलं नाही. "सगळ्यांनाच असं होतं असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला होतं, आणि कुणाला ते आधी कळत नाही. पण दुकानात मिळायला लागलं की ज्याला होतं तोही रांगेत उभा राहणार. आपण म्हणतो, मोठी माणसं आहेत, त्यांची मर्जी. मर्जी साईनाथची. घास काकीचा."

टण्. सहा मिनिटं. एक उरलं.

"शेवटचं सांगतो. गच्चीवर काय चालतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कुणी एकानं तरी चौकीत जायला पायजे होतं. कुणी नाही गेलं. घरची अब्रू. मी तर शेजारच्याच खोलीत होतो. कायदा होता, पर आम्हीच त्याला बोलावलं नाही. म्हणून मी म्हणतो, निदान तो असू द्या. पुढच्या एखाद्या घरातलं कुणीतरी जाईल."

पद्मजाबाईंच्या छातीवरचं काहीतरी दोन वर्षांत पहिल्यांदा हललं. कुणी एकानं तरी. त्या गेल्या होत्या. मांडणीच्या रकान्यात त्यांनी सत्तावीस लिहिले, आणि पेन उचलायला त्यांना जरा वेळ लागला.


भाषा (२० पैकी)

भाषेमुळेच झालं ते सगळं.

दोन वर्षांपूर्वी आमोदच्या लॅपटॉपच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी सापडली. सुकल्या तुळशीसारखा चुरा. वास मात्र तुळशीचा नव्हता. गोपाळकृष्ण, त्यांचे यजमान, एका लग्नासाठी नागपूरला गेलेले. आमोद ऑफिसात. पद्मजाबाई वारज्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पुडी समोर ठेवून तासभर बसल्या आणि मग त्यांना ऋतुजा आठवली. त्यांची विद्यार्थिनी, जवळच्याच चौकीत फौजदार. तिच्यासमोर उभा केला, तिने चांगला दम दिला, की झालं. शाळेत त्या करायच्या तसंच. मुख्याध्यापिकेकडे पाठवायचं, वर्गशिक्षिकेचं नाव मध्ये येत नाही.

पण चौकी म्हणजे सरकारी कचेरी. कचेरीत तोंड उचलून जायचं नसतं, लेखी न्यायचं असतं. हे त्यांच्या हाडात होतं. रेघांच्या कागदावर समास सोडून, डावीकडे 'प्रति', मध्ये 'विषय', खाली 'आपली विश्वासू' असा अर्ज त्यांनी एकही खाडाखोड न करता लिहिला.

ऋतुजा त्या दिवशी बंदोबस्ताला गेली होती. खुर्चीवर दुसरेच साहेब. त्यांनी अर्ज घेतला, वाचला, पुन्हा वाचला. शिपायाने सवयीने आवक क्रमांकाचा शिक्का मारला.

"मॅडम, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं," साहेब म्हणाले.

"ऋतुजा कधी येईल?"

"त्या नाही येत आज. आणि आता आल्या तरी काय? तोंडी सांगितलं असतंत तर पोराला बोलावून दोन कानाखाली दिल्या असत्या, विषय संपला असता. हे लेखी आलं. शिक्का बसला. आता मला पुढे न्यावंच लागतं."

"मग तो कागद मला परत द्या."

"शिक्का बसलाय, मॅडम."

संध्याकाळी दोन पोलीस आले. त्यांनी आमोदच्या कपाटातून आणखी एक पुडी काढली. सोसायटीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. कंपनीने महिन्याभरात नारळ दिला. मग केस, जामीन, तारखा. प्रत्येक नव्या मुलाखतीत तो शेवटचा प्रश्न: आपल्यावर कुठला गुन्हा नोंद आहे का? आमोद खरं सांगायचा. आईनेच लावलेली सवय. घरी यायचा, चपला काढायचा, खोलीत जायचा.

एकदा जेवताना तो म्हणाला होता, "कुणीतरी सांगितल्याशिवाय ते थेट आपल्याच दारात कसे आले?"

पद्मजाबाई म्हणाल्या होत्या, "लोक असतातच तसे."

आमोदने ताटाकडे पाहिलं होतं. "भात वाढ," म्हणाला होता.


खंडन (३० पैकी)

"आता याच संघाची अनुकूल बाजू. अवनी."

बारीक चणीची मुलगी. हातात कागद नाही. ध्वनिक्षेपक तिने स्वतःच खाली ओढला.

"माझा सहकारी म्हणाला, कुणी एकानं तरी चौकीत जायला हवं होतं. मी तुम्हाला त्या घराची गोष्ट सांगते जिथून एक जण गेलं."

काळे सरसावून बसले. "ही बघा, ही जिंकणार," ते पुटपुटले.

"मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. शिकण्यासाठी एका वकिलांकडे जाते, तिथे एक फाइल पाहिली. नावं सांगणार नाही. ज्याची फाइल आहे त्याची परवानगी घेतली आहे. त्या फाइलमध्ये एक अर्ज आहे, आईने पोलिसांना लिहिलेला. मुलाच्या बॅगेत पुडी सापडली म्हणून. अक्षर इतकं देखणं की मी आधी अक्षरच बघत बसले."

पद्मजाबाईंनी उजवीकडे पाहिलं. शैलाताईंचे गुडघे टेबलाच्या पायाला टेकलेले. डावीकडे काळ्यांची काठी आडवी. मागे कुणीतरी आसनावर पाय चढवून बसलेलं. गुडघा त्यांच्या पाठीला लागत होता.

"आई लिहिते: 'माझा मुलगा स्वभावाने वाईट नाही. अलीकडे तो गप्प असतो व रात्री जागतो. त्यास योग्य ती समज देऊन घरी पाठवावे, ही नम्र विनंती.'"

शब्दन् शब्द. स्वल्पविरामाच्या जागी ती मुलगी थांबलीसुद्धा.

"बघा," अवनी म्हणाली, "तो गप्प असतो, रात्री जागतो. हे वाक्य कुणाला लिहायला हवं होतं? डॉक्टरांना. पण पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जायची त्या आईला भीती वाटली, कारण पुडी म्हणजे गुन्हा. आपल्या कायद्याने या गोष्टीला एकच दार ठेवलंय आणि त्या दारावर पोलीस चौकी असं लिहिलंय. इंद्रजीत, तुझं गाव चौकीत गेलं नाही ते अब्रूमुळे, असं तू म्हणालास. मी म्हणते, ते याच दाराला भिऊन. साईनाथला कुणी दवाखान्यात तरी नेलं होतं का, वेळेवर?"

व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या इंद्रजीतने मान खाली घातली. ती स्पर्धेतली मान नव्हती, साईनाथच्या भावाची होती.

"कायदेशीर करा म्हणजे सगळ्यांनी ओढा, असं मी म्हणत नाही. वय ठरवा, मर्यादा ठरवा, दुकानावर हवी ती पाटी लावा. पण घरातल्या माणसाला घरातल्या माणसासाठी मदत मागता आली पाहिजे, त्याला आरोपी न करता. या मुलाला शिक्षा अजून झालेलीच नाही. केस उभीच राहिली नाही अजून. तरी दोन वर्षं तो घरात बसून आहे. याला काय म्हणायचं?"

टण्.

"एक मिनिट उरलं, तर एवढंच सांगते. चार्जशीटची प्रत आरोपीला मिळते. हा अर्ज त्याने तेव्हाच वाचला. मी विचारलं, मग आईशी बोलला का नाहीस? तो म्हणाला, 'तिला मला माहीत आहे हे कळलं, तर ती माफीचाही अर्ज लिहील. आवक क्रमांकासकट.'"

सभागृह फुटलं. मागच्या बाकांवर पाय आपटले गेले. काळ्यांनी टेबलावर थाप मारली, डोळे पुसले. "अस्सल पुणेरी, मॅडम! पोरगं अस्सल पुणेरी!"

पद्मजाबाईही हसल्या. चेहऱ्याने आपणहून केलं ते. सगळे हसत असताना एकटं न हसणं म्हणजे हात वर करण्यासारखं होतं.

चार्जशीट. प्रत. आरोपीला. दोन वर्षांत हे कसं सुचलं नाही? फाइल गोपाळकृष्णच सांभाळायचे. माळ्यावर ठेवायचे. "तू नको बघूस, बीपी वाढेल तुझं," म्हणायचे. म्हणजे त्यांनाही. म्हणजे 'लोक असतातच तसे' असं त्या म्हणाल्या तेव्हा टेबलाशी बसलेल्या दोघांनाही माहीत होतं, आणि एकाने भात मागितला होता, दुसऱ्याने ताक. म्हणजे आमोद, दर गुरुवारी भाजीला नेणारा, दाताच्या डॉक्टरांकडे बाहेर दीड तास थांबणारा, आज दुपारी इथे गेटपाशी सोडताना "पाणी घेतलंस का?" विचारणारा—

टण्. टण्.

वेळ संपली. अवनी खाली उतरली.

बुधवारची भीती गेली होती. आमोदला कळण्याची भीतीच उरली नव्हती. दार उघडावं आणि बाहेर रस्ता असेल म्हणून पाऊल टाकावं, तर पुढे आणखी एक खोली निघावी, तसं झालं. त्या खोलीत आमोद आणि गोपाळकृष्ण दोन वर्षांपासून बसलेले होते, पद्मजाबाईंची वाट बघत, आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून आवाज न करता.

खंडनाचा रकाना रिकामा राहिला.


सभाधीटपणा (१० पैकी)

आणखी दोन संघ झाले. ते काय बोलले ते पद्मजाबाईंना सांगता येणार नाही. निकालाआधी परीक्षकांचं मनोगत असतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

त्या उभ्या राहिल्या. आता सगळ्यांनी वाट दिली. काळ्यांनी काठी उचलली, शैलाताईंनी खुर्ची मागे घेतली. तीन पायऱ्या. ध्वनिक्षेपक अजून अवनीच्या उंचीचा होता. तो त्यांनी तसाच राहू दिला आणि वाकून बोलल्या.

उच्चारांवर बोलल्या. हातवारे कमी करा म्हणाल्या. आकडे सांगताना ते कुठून घेतले तेही सांगा. प्रतिपक्षाला नावाने हाक मारली की वाद घरातला वाटतो, हे संघ क्रमांक सातकडून शिकण्यासारखं. समोर माना डोलत होत्या. इथे थांबता आलं असतं. 'सर्वांना शुभेच्छा' म्हटलं की टाळ्या असतात.

"आणि अवतरण," त्या म्हणाल्या. "अवतरण द्यायचं तर पूर्ण द्यावं. सोयीचं तेवढं घेऊन उरलेलं गाळू नये. अवनी, तू एक अर्ज वाचून दाखवलास. पाठांतर चांगलं होतं. पण तो 'नम्र विनंती'पाशी संपत नाही. पुढे एक वाक्य आहे."

अवनी तिसऱ्या रांगेत होती. तिने हळूच मान हलवली. नको, असं.

"ते वाक्य असं आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षं श्रुतलेखन घातलेल्या आवाजात त्यांनी ते सांगितलं, सुटं सुटं, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं: "'ही माहिती मी दिल्याचे, माझ्या मुलास, कळू देऊ नये.'"

अवनीने डोळे मिटले.

"हे गाळल्यामुळे ती आई आहे त्यापेक्षा बरी दिसते. ती घाबरून मदत मागायला गेली, हे खरं आहे. पण जाताना तिने आधी स्वतःची सोय पाहिली, हेही खरं आहे. कायदा बदलला असता तरी हे वाक्य तिने लिहिलंच नसतं, असं मला सांगता येत नाही. मला हे माहीत आहे, कारण तो अर्ज माझा आहे. सबब माझे गुण धरू नयेत."

आणि त्या पुन्हा आपल्या मधल्या खुर्चीत येऊन बसल्या, कारण दुसरीकडे कुठे बसायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. काळ्यांनी काठी पुन्हा आडवी ठेवली नाही, उभी धरून बसले. मग पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, मी उगाच हसलो हो."

"विनोद चांगला होता," पद्मजाबाई म्हणाल्या.

निकाल एकाच परीक्षकाच्या गुणांवर लागला. संघ क्रमांक सात दुसरा आला. इंद्रजीत आणि अवनीने मिळून एक छोटा चषक उचलला.

गर्दी पांगली तेव्हा अवनी जवळ आली. डोळे लाल. "मॅडम, तुम्ही परीक्षक आहात हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ."

"ते वाक्य का गाळलंस?"

"मी घेतलं होतं. सगळ्यात जोरदार तेच होतं ना. पण त्याला भाषण वाचायला दिलं, तर त्याने तेवढ्यावर काट मारली." तिने चषक दुसऱ्या हातात घेतला. "म्हणाला, ते नको. ते घरचं आहे."


वेळेचे भान (१० पैकी)

आमोद गेटबाहेर स्कूटरवर होता. एक हेल्मेट डोक्यावर, एक आरशाला अडकवलेलं.

"झालं?"

"झालं."

"कोण जिंकलं?"

"तुमचा संघ दुसरा आला."

'तुमचा' या शब्दावर त्याने आरशावरचं हेल्मेट काढलं. ते तिला दिलं, हनुवटीखालचा पट्टा तिला जमत नाही म्हणून स्वतः लावला. कोथरूड मागे पडलं. मग वारज्याच्या अलीकडे सगळं ठप्प झालं. पुढे कंपनीची बस, मागे कंपनीची बस, डावीकडे टेंपो, उजवीकडे दुभाजक. आमोदने इंजिन बंद केलं, पाय खाली टेकवले.

"तुला माहीत होतं मी परीक्षक आहे," पद्मजाबाई त्याच्या पाठीला म्हणाल्या.

"मीच सोडलं ना तुला."

"आणि त्या मुलीचा विषयही माहीत होता."

"हो."

"मग?"

टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. कुणासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

"बुधवारी तू तिथे उभी राहणार," आमोद म्हणाला. मागे वळला नाही. हेल्मेटमधून आवाज घरातल्यासारखा येत होता, शेजारच्या खोलीतून. "माझ्याकडे बघून तुझी बोबडी वळली असती. मग तू काहीतरी भलतंच बोलली असतीस. म्हटलं, आधी कळू दे तुला. माणसांत कळलं की तू नीट वागतेस."

"समन्स तू पाहिलंस?"

"तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. वकिलांना फोटो पाठवलाय."

पर्स दोघांच्या मध्ये अडकली होती. तिने ती काढायचा प्रयत्न केला नाही.

"ते वाक्य मी सांगितलं," ती म्हणाली. "तू काट मारलेलं. सगळ्यांसमोर."

आमोदची पाठ ताठ झाली. मग तो हसला की काय ते तिला कळलं नाही; खांदे एकदा हलले एवढंच.

"मार्क कापलेस तिचे?"

"दिलेच नाहीत."

पुढची बस हातभर सरकली. आमोदने स्कूटर पायांनीच हातभर ढकलली. पुन्हा सगळं थांबलं.

"कोर्टात विचारतील, हे अक्षर तुमचंच का," तो म्हणाला.

"माझंच."

"तसंच सांग. पुढे काही जोडू नकोस. विचारलं तेवढंच."

"आणि तुझं काय होईल?"

"काय व्हायचं ते होईल. तू लिहिलंयस, शिक्का बसलाय." मग तो म्हणाला, "साडेदहाला निघू. रिक्षा करू नकोस, मीच नेतो. जायचं एकाच ठिकाणी आहे."

सिग्नल लांबवर हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मधली वाहनं तशीच. मागच्या बसच्या काचेतून पन्नास माणसं खाली, एकाच स्कूटरवर बसलेल्या आरोपीकडे आणि सरकारी साक्षीदाराकडे, कंटाळून बघत होती.